नावं काढली, आता डेटा जाहीर करू का?

प्रश्न: झोप आणि चिडचिड यांवरची प्रश्नावली. नावं, फोन नंबर काढलेत. जन्मतारीख, पिनकोड ठेवलेत. ओएसएफवर (संशोधनाचा डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवायची वेबसाइट) टाकू ना?

उत्तर १: थांबा! डेटा-गोपनीयतेच्या अभ्यासक लटान्या स्वीनींनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलंय: पिनकोड, जन्मतारीख, लिंग एवढ्यावर ८७ टक्के लोक वेगळे ओळखू येऊ शकतात. नुसतं वय ठेवा, पिनकोड उडवाच.

उत्तर २: मोकळ्या उत्तरांचा रकाना वाचलात? माझ्या फाइलीत एकीने लिहिलं होतं, ‘ऑफिसात जुळ्यांची आई मी एकटीच.’ नाव कशाला हवं मग? संमतीपत्रात काय लिहिलंय?

प्रश्नकर्ती: ‘माहिती फक्त संशोधकांकडे राहील.’ बापरे!

उत्तर २: मग आधी एथिक्स कमिटीला विचारा. तोवर कोडबुक (कुठला रकाना म्हणजे काय, याची यादी) आणि आर स्क्रिप्ट (आर भाषेतला विश्लेषणाचा कोड) टाका. ‘क्यू७_आर’ म्हणजे सातव्या प्रश्नाचे उलटे मोजलेले गुण, हे सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.