सात आठवडे धान्याशिवाय काढले. पोट हलके झाले, पण खाण्याची यादी आखडत चालली आहे

प्रश्न

नमस्कार. माझे वय ३९ आहे. गेली दोन वर्षे पोट फुगणे, दिवसातून तीन-चार वेळा पातळ शौचास होणे आणि दुपारनंतर अंगात त्राण न उरणे, असा त्रास मला होत होता. रक्तातील लोह दोनदा कमी आढळले. गोळ्या चालू असेपर्यंत ते वाढत असे आणि गोळ्या थांबल्या की पुन्हा खाली येत असे. सात आठवड्यांपूर्वी मी गहू बंद केला. दहा दिवसांत पोट इतके हलके झाले की उत्साहाच्या भरात तांदूळ, मका, ज्वारी अशी उरलेली धान्येही मी सोडून दिली. सध्या भाज्या, कंद, फळे, अंडी, मासे आणि बदामाचे पीठ एवढ्यावर माझे भागते.

अडचण अशी, की खाता येण्याजोग्या पदार्थांची यादी दर आठवड्याला आखडत चालली आहे. दूध प्यायले की पोटात गुडगुडते, आणि कांदा घातलेले काही खाल्ले की संध्याकाळपर्यंत पोटाचा नगारा होतो. मध्यंतरी एका प्रयोगशाळेतून मी रक्ताची ‘अन्न-असहिष्णुता’ चाचणी करून घेतली. तिच्या अहवालात ३१ पदार्थ लाल रंगात छापून आले असून मी रोज खाते ती अंडी आणि बदामही त्यांत आहेत. सीलिअ‍ॅक आजाराची (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचे अस्तर दुखावणाऱ्या आजाराची) तपासणी मी कधीच केलेली नाही. ती आता करून उपयोग आहे का? लाल यादीतले सगळेच सोडावे का? आणि एक घरगुती शंका: बदामाच्या पिठाचा ब्रेड सुरी लागताच भुगा होतो, त्याला काही उपाय आहे का?

प्रतिसाद १

मला सीलिअ‍ॅकचे निदान होऊन नऊ वर्षे झाली. तुमच्या मजकुरात पोट फुगण्यापेक्षा लोहाविषयीचे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले. अन्नातील लोह मुख्यत्वे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सीलिअ‍ॅकमध्ये सर्वांत आधी व सर्वांत जास्त नुकसान होते ते नेमके तिथेच. गोळ्या थांबताच लोह घसरण्याची इतर कारणेही असतात, उदाहरणार्थ मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्राव. परंतु पोटाच्या तक्रारींच्या जोडीने असे घडत असेल, तर सीलिअ‍ॅकची तपासणी टाळणे योग्य नाही.

आता त्यातली गोम. पहिली तपासणी टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडांची असते आणि ही प्रतिपिंडे शरीरात ग्लुटेन येत असेपर्यंतच भरवशाने सापडतात. आहारातून गहू, जव आणि राय गेले की ती हळूहळू ओसरू लागतात. मी स्वतः हीच चूक केली होती: चार महिने गहू बंद ठेवून मग रक्त दिले, अहवाल निर्दोष आला, तो पाहून मी निश्चिंत झालो आणि खरे निदान होईपर्यंत आणखी दोन वर्षे गेली. तुमचे सातच आठवडे झाले आहेत, म्हणून उशीर न करता तपासणी करून घ्या. तीत प्रतिपिंडे वाढलेली आढळली तर तिला अर्थ आहे. निर्दोष आली तर मात्र त्यावरून सीलिअ‍ॅक नाही असे म्हणता येणार नाही. त्याच नमुन्यातून एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजून घ्यायला सांगा, कारण काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच तयार होत नाही आणि अशांचा टीटीजी-आयजीए अहवाल फसवा ठरतो.

एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी आहारावर अवलंबून नसते. ही दोन्ही नसतील तर सीलिअ‍ॅकची शक्यता जवळपास संपते. ती असतील तर मात्र फारसे काही सिद्ध होत नाही, कारण ती साधारण ३० ते ४० टक्के लोकांत असतात आणि सीलिअ‍ॅक होतो तो सुमारे एक टक्का लोकांना.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर डॉक्टर ग्लुटेन पुन्हा सुरू करायला सांगतील. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शिकेत तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, दिवसातील एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असावे असे म्हटले आहे. बरे वाटू लागल्यावर हे करणे जिवावर येते, हे मी जाणतो. तरीही निदानाला किंमत आहे. सीलिअ‍ॅक असेल तर दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकते, आणि गव्हाच्या ब्रेडच्या एका कापात साधारण दोन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे कापाच्या चाळिसाव्या भागाचा हा हिशेब आहे. सीलिअ‍ॅक नसेल तर इतक्या धास्तीने जगण्याचे कारणच उरत नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ला आधी अमलात आणावा. माझे म्हणणे त्यानंतरचे आहे. मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि ‘धान्य सोडले, बरे वाटले, म्हणजे धान्यच वाईट’ हे अनुमान माझ्यासमोर वारंवार येते.

हे अनुमान जुनेच आहे. १९२४ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सीलिअ‍ॅक झालेल्या मुलांना केळ्यांवर आधारलेला आहार दिला आणि मुले सुधारली. दोष पिष्टमय पदार्थांचा आहे अशी त्यांची समजूत झाली; प्रत्यक्षात मुलांच्या आहारातून गहू गेला होता, आणि पुढे ज्यांनी तो पुन्हा खाल्ला त्यांचा आजार उलटला. मुळाशी गहू आहे हे नेदरलँड्समधील डॉक्टर विलेम-कारेल डिके यांनी १९५० मधील आपल्या प्रबंधात मांडले. तोवर उपाय बरोबर होता आणि कारण चुकीचे.

तुमच्या बाबतीत कांद्याचा उल्लेख मला सूचक वाटतो. गहू, कांदा आणि लसूण या तिघांत फ्रुक्टान नावाची साखरसाखळी असते. माणसाच्या लहान आतड्याला ती तोडता येत नाही, त्यामुळे ती मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू होतो. २०१८ साली नॉर्वेत ५९ जणांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सीलिअ‍ॅक नसलेल्या, पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेल्या या लोकांना एक आठवडा ग्लुटेन घातलेल्या, एक आठवडा फ्रुक्टान घातलेल्या आणि एक आठवडा यांपैकी काहीच नसलेल्या वड्या, कोणती कोणती आहे हे न सांगता खायला दिल्या. सरासरीने सर्वाधिक त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला, ग्लुटेनच्या नव्हे. तुमचेही कारण तेच असेल, तर तांदूळ सोडून काहीच साधलेले नाही, कारण त्यात ग्लुटेन नसते आणि फ्रुक्टान जवळपास नसतेच.

लाल यादीविषयी स्पष्ट लिहिते: ती बाजूला ठेवा. अशा चाचण्यांत सहसा आयजीजी प्रतिपिंडे मोजतात आणि ती मुख्यत्वे तो पदार्थ तुमच्या खाण्यात येत असल्याची खूण असतात. अंडी आणि बदाम लाल आले ते तुम्ही रोज खाता म्हणूनच. युरोपीय अ‍ॅलर्जी अकादमीने २००८ सालीच ही चाचणी अन्न-असहिष्णुतेच्या निदानासाठी वापरू नये असे जाहीर केले आहे. दुधाचा प्रश्न वेगळा आहे. लॅक्टोज पचवणारे विकर आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर असते, आणि अस्तर दुखावले की आधी तेच घटते. मूळ आजार सावरला की पुष्कळांना दूध पुन्हा सोसते.

पदार्थ परत आणताना घाई करू नका. एका वेळी एकच पदार्थ घ्या, तो तीन दिवस वाढत्या प्रमाणात खा, मग दोन-तीन दिवस थांबा आणि मगच पुढचा. मी तांदळापासून सुरुवात करवते. वहीत पदार्थासोबत प्रमाण, वेळ आणि त्या रात्रीची झोप लिहा; झोपेचा रकाना लोकांना निरर्थक वाटतो, पण अर्धे उलगडे मला तिथेच मिळतात. वगळण्याचा टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असावा. त्यापुढे तो ताणला की तंतुमय पदार्थ, फोलेट आणि ब गटातील जीवनसत्त्वे कमी पडू लागतात, शिवाय प्रत्येक घासाविषयी संशय बळावतो. तुमची यादी आखडण्यात या संशयाचाही वाटा असावा, असे मला वाटते. राग मानू नये.

प्रतिसाद ३

मी फक्त ब्रेडबद्दल लिहितो, कारण ते प्रयोग मी पुष्कळ फसवले आहेत. गव्हाच्या कणकेत पाणी मिसळले की ग्लुटेनची लवचिक जाळी तयार होते आणि तीच वायू धरून ठेवते. बदामाच्या पिठात अशी जाळी नसते, असतो तो स्निग्धांश. म्हणून इसबगोलाचा भुसा पिठाच्या वजनाच्या सात ते दहा टक्के घ्या, परंतु तो कोरडा मिसळू नका. आधी कोमट पाण्यात भिजवून दहा मिनिटे ठेवा. चमचा उलटा केला तरी पडणार नाही असा घट्ट गोळा झाला की मग त्यात अंडी आणि शेवटी पीठ घाला. भाजून झाल्यावर पाव पूर्ण गार होईपर्यंत कापू नका. माझे निम्मे भुगे निव्वळ अधीरतेचे होते. नारळाचे पीठ वापरणार असाल तर बदामाच्या पिठाइतकेच मोजून घेऊ नका. ते पाणी इतके ओढते की मिश्रणाची माती होते.

एक शंका मात्र नोंदवतो. शंभर ग्रॅम पीठ म्हणजे सुमारे ८० बदाम. तुम्ही दिवसाला चार काप खात असाल, तर एका बैठकीत कोणी खाणार नाही इतके बदाम तुमच्या पोटात जात आहेत, आणि मोठ्या प्रमाणात बदामही वायू करतात.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. बदामांचा हिशेब वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन डबा पाहिला. अर्धा किलो पीठ चार दिवसांत संपले आहे, म्हणजे दिवसाला साधारण शंभर बदाम. पोट फुगण्याचे खापर मी दुधावर आणि कांद्यावर फोडत होते. रक्त तपासणीसाठी उद्या सकाळी जाते आहे. अहवाल येईपर्यंत तांदूळ सुरू करावा की थांबावे?

प्रतिसाद १

तांदूळ खुशाल सुरू करा, रक्ताच्या तपासणीवर त्याचा काही परिणाम होणार नाही. मात्र तो गव्हाच्या पिठाशेजारी सुटा ठेवलेला नसावा आणि शिजवायच्या आधी निवडून, धुऊन घ्यावा. डॉक्टरांना गहू कोणत्या तारखेला बंद केला ते सांगा आणि ती तारीख तपासणीच्या अर्जावर लिहून घ्या. अहवाल वाचणाऱ्याला तिच्याशिवाय त्यातले आकडे समजणार नाहीत. लोहासाठी फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) त्याच वेळी पाहून घ्या, म्हणजे दोनदा सुई टोचून घ्यावी लागणार नाही.