निवृत्तीनंतर दिंडोरीला शेतघर आणि वर्षातून दोन मोठे प्रवास: दोन्ही कसं बसवायचं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. यजमान येत्या मे महिन्यात साठाव्या वर्षी निवृत्त होताहेत, मी ५७. सासूबाई ७७, चांगल्या हिंडत्या-फिरत्या. दिंडोरी तालुक्यात वडिलोपार्जित एक एकर आहे, सातबाऱ्यावर यजमान आणि दीर दोघांची नावं. विहीर आहे, पण मार्चनंतर पाणी तळाला जातं. तिथे सहाशे फुटांचं साधं घर, १५-२० फळझाडं आणि घरापुरता भाजीपाला असा बेत आहे. नाशिकमधला गंगापूर रोडचा फ्लॅट ठेवणार. शिवाय वर्षातून दोनदा पंधरा-वीस दिवस रेल्वेने लांब जायचं, मधेमधे एसटीने जवळपास. कागदपत्रांचं काय, आम्ही नसताना झाडांना पाणी कसं, आणि प्रवासाच्या कुठल्या सवलती चालू आहेत? कायमचा गडी ठेवायचा नाही.

फेरफार_नोंद:
ताई, आधी कागद. जमीन महसूल संहितेच्या कलम ४१ प्रमाणे ०.४० हेक्टरपेक्षा कमी शेतजमिनीवर शेतघराला परवानगी मिळत नाही. तुमचं एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, जेमतेम रेषेच्या वर. म्हणून दोन गोष्टी पाहा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये नेमकं किती लिहिलंय? ०.३९ असेल तर तोंडी 'एक एकर' काही उपयोगाचं नाही. आणि घराआधी दिरांशी वाटणी करू नका. वीस-वीस गुंठे वेगळे झाले की दोघांचंही शेतघर गेलं. सामाईक ठेवून दिरांचं संमतिपत्र घ्या आणि परवानगी काढा. एवढ्या क्षेत्राला जोत्याची, म्हणजे घर जमिनीवर जेवढी जागा व्यापतं त्याची, मर्यादा १५० चौरस मीटर आहे, तुमच्या सहाशे फुटांना भरपूर.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ (विकायला-वापरायला सरकारी अट नसलेली जमीन) आहे ना, तेही बघा. वर्ग २ (सरकारी अटी असलेली) असेल तर आधी तहसीलला विचारा. आणखी जमीन घ्यायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, दिंडोरी-पेठ-सुरगाणा पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी खूप आहेत. त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाहीत. "नोटरी करून देतो" म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार.

बांधकामाआधी भूमी अभिलेखकडून सरकारी मोजणी करून घ्या. बांधावरचं झाड कुणाचं, इथपासून भांडणं सुरू होतात. सेप्टिक टाकी विहिरीपासून निदान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला. पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाण्याची खोली पुरते. दोन कप्पे करा आणि संडासात ॲसिड ओतायची सवय सोडा, आतले जिवाणू मेले की टाकी वर्षातच भरते.

ठिबक_आणि_मल्चिंग:
पाण्याचं मी सांगतो, कारण इथेच सगळं अडतं. तुम्हाला घर आणि प्रवास दोन्ही हवं आहे, तेव्हा लावायचं ते वीस दिवस कुलूप लावून जाता येईल एवढंच लावा. बाकी कितीही हौस असली तरी नाही.

हिशोब असा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या आंबा, चिकू, पेरूला उन्हाळ्यात दिवसाला साधारण १० लिटर धरा. १८ झाडं म्हणजे १८० लिटर, वीस दिवसांचे ३,६००. म्हणून ५,००० लिटरची काळी टाकी, सहा फूट ओट्यावर. काळीच घ्या, फिक्या टाकीत उजेड जाऊन शेवाळ धरतं आणि तेच ड्रिपरमध्ये अडकतं. टाकी जाण्याआधी भरलेली हवी, विहिरीत पाणी असताना. एप्रिलमध्ये 'रोज आपोआप भरेल' यावर भिस्त नको. झाडं मोठी झाली की तहानही वाढते, तेव्हा दोन-तीन वर्षांनी हा हिशोब पुन्हा मांडा.

आता लोक हमखास कुठे फसतात ते. टाकीच्या उंचीवरून ठिबक चालवायचं तर दाब अगदी कमी मिळतो, सहा फुटांना ०.२ बारसुद्धा नाही. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) या दाबावर नीट चालत नाहीत. साधे उघडता येणारे ड्रिपर किंवा मायक्रोट्यूब, म्हणजे बारीक नळ्या, घ्या. बॅटरीवरचा टायमरही बॉल व्हॉल्व्हवाला घ्या, तो शून्य दाबावर उघडतो. सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) बऱ्याच टायमरना खालून दाब लागतो, नाहीतर ते उघडतच नाहीत आणि परत आल्यावर सुकलेली झाडं बघायला मिळतात. टायमरच्या आधी जाळीची चाळणी हवीच.

पाकिटावर ताशी चार लिटर लिहिलंय म्हणून तेवढं पडेल असं नाही. ड्रिपरखाली भांडं ठेवून पंधरा मिनिटं मोजा, सगळ्यात लांबच्या झाडापाशी एकदा आणि टाकीजवळच्या झाडापाशी एकदा. फरक फार असेल तर लांबच्या झाडाला एक ड्रिपर जास्त लावा. टायमरची वेळ या मापावर ठरवा. निघायच्या आठवडाभर आधी सगळं याच वेळापत्रकावर चालवून बघा, लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून गाळ धुऊन काढा. उन्हाळ्यात खारी आणि उंदीर पाण्यासाठी नळ्या कुरतडतात, म्हणून नळ्या पाचटाखाली किंवा मातीत चार बोटं दाबून टाका.

आच्छादन तीन-चार इंच, उसाचं पाचट किंवा वाळलेला पाला. खोडापासून वीतभर मोकळं ठेवा, नाहीतर वाळवी खोडाला लागते. लागवड मृगाचे एक-दोन दमदार पाऊस झाल्यावर. खड्डे एप्रिल-मेमध्येच काढून तापू द्या, मीटरभर लांब-रुंद-खोल. भाजीपाला मात्र टायमरवर सोडू नका. वांगी-मिरची आठ दिवस तोडली नाही की झाड थकतं आणि फळ जून होतं. मोठ्या प्रवासाआधी वाफे रिकामे होतील अशी पेरणी ठेवा. मेथी-कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात निघते, त्यावर बेत बसतो.

घरावर पत्रा असो की स्लॅब, पन्हळ लावा. सहाशे फुटांच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर होतात, गळती-सांड वजा जाता साडेचार हजार हाती लागतात. पहिल्या पावसाचं पाणी धूळ-विष्ठेसकट बाहेर सोडा, मग उरलेलं गाळून विहिरीकडे वळवा.

तीन_फेज:
ठिबकदादांना एक पुरवणी. पंपाच्या स्टार्टरवरचा ऑटो स्विच जाताना काढून ठेवा. शेतीपंपाची वीज ठरावीक तासच असते, बऱ्याचदा रात्री. लाइट आली की ऑटोवर पंप सुरू होतो, विहीर तळाला असेल तर कोरडा फिरून मोटार जळते. ड्राय-रन प्रिव्हेंटर बसवाच, मोटार भरून आणण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. घराला घरगुती कनेक्शन वेगळं घ्या, पंपाच्या मीटरवर घर चालवू नका.

सोलरची घाई नको. ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेलं) सोलर लाइट गेली की बंद पडतं, हे बरेच विक्रेते सांगत नाहीत. वर्षात निम्मा वेळ बंद राहणाऱ्या घराला आधी साधा इन्व्हर्टर आणि ट्यूब्युलर बॅटरी पुरे.

कुलूप लावताना फ्रिज रिकामा, बंद आणि दार उघडं. मोरी आणि बाथरूमच्या जाळीत तांब्याभर पाणी व वर चमचाभर गोडेतेल ओता. वीस दिवसांत ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वास अडवणाऱ्या वाकणातलं) पाणी आटतं, मग घरभर वास आणि झुरळं. तेलामुळे ते आटत नाही. मे-जूनच्या वळवाआधी टीव्ही, मोडेम, इन्व्हर्टरचे प्लग काढलेले बरे.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार, पानभर टिपणं झाली. सासूबाईंचा एक हट्ट आहे: एक गाय, निदान चार कोंबड्या. आणि प्रवासाचं कुणी सांगा ना.

लालपरी_प्रवासी:
आजींचा हट्ट तेवढा मोडा. गायीला रोज दोन वेळा माणूस लागतं, वीस दिवस ती कोण बघणार? कोंबड्यांनी मुंगूस येतो, आणि त्या भागात बिबट्याचीही ये-जा असते. ऊस जवळ असेल तर कुत्रंसुद्धा रात्री उघड्यावर बांधू नका. अगदीच हौस असेल तर शेजाऱ्याची गाय आणि आपला चारा, असा व्यवहार करा. दूधही मिळतं. सरपणाचा ढीग भिंतीपासून लांब, रात्री बॅटरीशिवाय अंगणात नाही. घोणस आणि मण्यार दोन्ही आपल्याकडे आहेत. साप चावलाच तर दोर आवळणं, चिरणं काही नको, हात-पाय स्थिर ठेवून १०८ किंवा थेट मोठं सरकारी रुग्णालय.

आता एसटी. तुम्हाला महिला म्हणून निम्मं तिकीट, वयाची अट नाही. आजी ७५ च्या वर, त्यांना मोफत, फक्त जन्मतारीख असलेलं आधार बरोबर हवं. काकांना मात्र ६५ पर्यंत पूर्ण तिकीट. त्यांच्यासाठी 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास तपासा, रोज लांबचा टप्पा असेल तरच परवडतो. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, सापुताऱ्याला जाताना हे विसरू नका.

रेल्वेची ज्येष्ठ सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्यावर बेत बांधू नका. लोअर बर्थचा कोटा आहे: पुरुष ६० च्या पुढे, स्त्रिया ४५ च्या पुढे. पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच. तुम्ही तिघं एकत्र काढाल तर कोटा मिळणार नाही. दोघींचं एक तिकीट, काकांचं वेगळं. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, नाशिकरोडहून सुटीच्या गाड्या पहिल्या दिवशीच भरतात.

वेळेचं म्हणाल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, झाडांना पाणी कमी लागतं आणि विहिरीतही असतं. दुसरा प्रवास दिवाळीनंतर ठेवा. पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो निघण्याआधी मोबाइलवर चेहरा दाखवून उरकून घ्या. एप्रिल-मे तिथेच राहा, झाडं तेव्हाच मरतात.

जवळचं म्हणाल तर डिसेंबर-फेब्रुवारीत नांदूर मधमेश्वर, उजाडतानाच पोचा, नंतर पक्षी पाण्याच्या मध्यावर सरकतात. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर आजींना सोपं आहे. वणीला फनिक्युलर ट्रॉली आहे, पायऱ्या वाचतात, फक्त चैत्र आणि नवरात्र टाळा. २०२६-२७ च्या सिंहस्थात, विशेषतः २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, शहरातून दिंडोरीला जाणं-येणंसुद्धा कठीण होईल. त्या काळात शेतावरच मुक्काम ठेवा आणि औषधं दोन महिन्यांची आधीच भरून ठेवा.

फेरफार_नोंद:
बांधकामही त्याआधी आटपा. सिंहस्थाच्या कामांमुळे गवंडी मिळायला आत्ताच वेळ लागतोय.