शब्दचर्चा : 'डेटा लॉस प्रिव्हेन्शन'

कर्मचाऱ्यांसाठीच्या एका सुरक्षा-पुस्तिकेचं मराठी करते आहे. 'डेटा लॉस प्रिव्हेन्शन', म्हणजे डीएलपी (संस्थेची माहिती नको त्याच्या हाती जाऊ नये म्हणून नजर ठेवणारी संगणक-यंत्रणा), यासाठी एका यादीत 'विदाहानी प्रतिबंध' सापडला. पण तो वाचला की बॅकअपच आठवतो. दुसरं काही सुचवाल का?

*

'हानी' नकोच. डिस्क बिघडून फायली गेल्या तर ती हानी, तिथे बॅकअप कामाला येतो. इथे मूळ फाइल जागच्या जागी सुखरूप असते, तिची प्रत मात्र नको त्याच्या हाती पडते. घोळ मूळ इंग्रजी नावातच आहे. माहिती-सुरक्षेच्या आयएसओ २७००१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०२२च्या आवृत्तीत याविषयीचं कलम (८.१२) आहे, तिथे 'लॉस' नाही, 'लीकेज' आहे. तेव्हा 'विदागळती'.

*

गळती आपसूक होते हो. कुणी मुद्दाम नेलं तर? पेपर फुटतो, गुपित फुटतं, बातमी फुटते, मग माहितीही फुटू द्या की! शिवाय 'फोडली' म्हटलं की कुणीतरी फोडणारा आहे हेही कळतं. माझं मत 'माहितीफुटी'ला.

*

शब्द झकास आहे, पण ही यंत्रणा फोडणाऱ्यापुढे बरीच लंगडी पडते. मी हेच काम करतो, म्हणून सांगतो. पडद्याचा मोबाइलने फोटो काढला तर तिला पत्ताही लागत नाही. पासवर्ड घातलेल्या झिपच्या आतलं तिला वाचता येत नाही, फार तर ती अख्खी फाइल अडवते.

तिचा खरा उपयोग चुकणाऱ्यांसाठी. ईमेलचा पत्ता लिहिताना प्रोग्रामने सुचवलेलं भलतंच नाव निवडलं आणि सोबत ग्राहकांची यादी जोडली, असलं. यंत्रणा ती जोडलेली फाइल उघडून बघते. १६ आकडे दिसले म्हणून लगेच कार्ड नंबर धरत नाही. कार्ड नंबर तपासायच्या लून पद्धतीने शेवटून एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट नऊच्या वर गेली तर नऊ वजा करायचे, आणि सगळ्यांच्या बेरजेला १०ने भाग जातो का ते पाहायचं. तरी कुठल्याही १६ आकड्यांना या चाळणीतून निसटायची दहात एक संधी असतेच. म्हणून आजूबाजूला 'कार्ड', 'मुदत' असे शब्द आहेत का तेही बघावं लागतं. एवढं करून खोटे इशारे येतात ते येतातच, आणि लोक वैतागतात ते वेगळं.

तेव्हा गळतीच बरी.

*

पटलं, गळती घेते. आणि 'प्रतिबंध'?

*

तो जरा कडक वाटतो. पुष्कळ ठिकाणी सुरुवातीला यंत्रणा काहीच अडवत नाही, नुसती नोंद ठेवते किंवा 'खरंच पाठवायचं का?' असं विचारते. 'गळतीरोधक यंत्रणा' म्हणा.

*

'रोधक' म्हणजे तरी अडवणाराच ना? असो, बोलायला सोपा आहे खरा.

*

एक राहिलं : 'सेन्सिटिव्ह'ला 'संवेदनशील' की 'गोपनीय'?

*

'संवेदनशील' रुळला आहे, तोच ठेवा. 'गोपनीय'ला शिक्क्याचा वास येतो. एखाद्याच्या आजाराची नोंद किंवा पगाराचा आकडा यांवर कुणी शिक्का मारलेला नसतो, तरी ते बाहेर जाता कामा नये.