मदत हवी: आल्याची सड हेक्झाकोनॅझोलने थांबेना

आलेवाला_कोरेगाव: हेक्झाकोनॅझोल या बुरशीनाशकाची आळवणी झाली (मुळाशी औषधाचं पाणी ओतलं), तरी सड पुढंच सरकतेय. भाचा कृषी पदवीला आहे. म्हणतो, मामा ही बुरशीच नाही, हिच्या पेशीभित्तिकेत कायटिन (खऱ्या बुरशीच्या भिंतीतला कडक पदार्थ) नसतं. मग आहे काय? लवकर सांगा, आभाळ भरलंय.

वाईकर: बेणं घरचं का विकतचं? वाफ्यात पाणी साचतं का? सडतंय नक्की कुठं? काहीच लिहिलं नाही राव.

आलेवाला_कोरेगाव: काळी जमीन, गादीवाफे. खालची पानं पिवळी, फुटवा धरला की हातात येतो. कंद पिचपिचीत, वास मारतो.

द्राक्षवाला_तासगाव: डायमेथोमॉर्फ सोडा. आमच्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाला एक नंबर औषध. फ्रान्सच्या मिलार्देनं 1885 साली बोर्डो मिश्रणसुद्धा डाऊनीवरच आणलं.

रोगशास्त्र_एमएस्सी: इथं नाही चालणार. डायमेथोमॉर्फ सेल्युलोजची भिंत बनू देत नाही, डाऊनीला ते बरोबर बसतं. लक्षणांवरून इथं पिथियम वाटतंय, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा पण खरी बुरशी नसलेला जीव. भिंत त्याचीही सेल्युलोज आणि बीटा-ग्लुकानची, कायटिन असलं तर नावाला. पण डायमेथोमॉर्फच्या गटातली औषधं पिथियम जुमानत नाही.

भाच्याचं खरं आहे, पण हेक्झाकोनॅझोल वाया गेलं ते भिंतीमुळं नाही. ते अर्गोस्टेरॉल (खऱ्या बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा पदार्थ) तयार होणं अडवतं आणि पिथियम ते बनवतच नाही. मेटालॅक्झिल आरएनएवर घाव घालतं, ते असलेलं औषध बघा. मात्रा लेबलवरची.

सेंद्रिय_शेती: विषं कशाला? ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी सोडा, रोगाची भिंत खाऊन टाकतो.

रोगशास्त्र_एमएस्सी: भिंत विरघळवणारी ग्लुकानेज, सेल्युलेज ही विकरं सोडतो, मान्य. पण तो खरी बुरशी, कायटिनवाला आणि अर्गोस्टेरॉलवाला. हेक्झाकोनॅझोल पडलेल्या वाफ्यात मित्रच मरतो, शत्रू मजेत. शिवाय सड लागल्यावर नाही, लागणीच्या आधी टाकायचा.

सेंद्रिय_शेती: पुस्तकं वाचून शेती होत नाही सर.

वाईकर: भांडा नंतर. आधी सडका फुटवा तिरका कापून काचेच्या ग्लासात पाण्यात धर. दुधाळ धागे सुटले तर जिवाणूची मर, मग यातलं एकही औषध नको.

आलेवाला_कोरेगाव: धरला. पाणी निवळ. मेटालॅक्झिल आणायला निघालो.

वाईकर: सडलेले गड्डे मातीसकट बाहेर काढ, बांधावर टाकू नको. आणि वाफ्यात पाणी साचतं का ते अजून सांगितलं नाहीस, चर काढलाय का? पाणी उभं राहिलं तर पिथियमचे बीजाणू त्यात पोहत शेजारच्या वाफ्यात जातात.