मदत हवी आहे: पात्राने उचललेलं खोकं जड वाटतच नाही (ॲनिमेशन घरीच शिकते आहे)

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपासून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर कॅरेक्टर ॲनिमेशन (पात्रांना हालचाल देणं) शिकते आहे. मी राहते तिथे या विषयाचा क्लास नाही आणि हे काम करणारं एकही माणूस ओळखीचं नाही. नोकरी सांभाळून रात्री दीड-दोन तास मिळतात, ते याच्यासाठीच ठेवलेत.

सॉफ्टवेअरची अडचण नाही. २००२ साली लोकांनी १ लाख युरो वर्गणी जमवून ब्लेंडरचा सोर्स कोड खुला करून घेतला, त्यामुळे ते कोणालाही फुकट वापरता येतं. ट्यूटोरियलही उदंड आहेत. उड्या मारणारा चेंडू, लंबक, शेपटी, वॉक सायकल हे सगळं क्रमाने केलं. चेंडू बऱ्यापैकी जमला.

आता अडले आहे ते इथे. माझं पात्र वाकतं, जमिनीवरचं खोकं उचलतं आणि वळून टेबलावर ठेवतं. ९६ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २४ च्या हिशेबाने चार सेकंद. खोक्यात लोखंडी सामान भरलंय असं मी मनाशी धरलंय, पण बघताना ते रिकामं वाटतं. सगळी हालचाल संथ करून पाहिली, तर पात्र पाण्याखाली असल्यासारखं दिसायला लागलं. मग दर चार फ्रेमला एक की (त्या फ्रेमला पात्र कसं असेल हे पक्कं करणारी नोंद) टाकली. आता ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल जिथे वक्ररेषांनी (कर्व्ह) दिसते तिथे, दोऱ्याचा गुंता झालाय आणि कुठली की कशासाठी होती तेच आठवत नाही. तीनदा सगळं पुसून पुन्हा केलं.

घरी दाखवलं की सगळे 'छान आहे' म्हणतात. मनापासून म्हणतात, पण त्यातून मला पुढची वाट मिळत नाही. चुकलंय हे मला दिसतं, कुठे चुकलंय ते दिसत नाही. वर्गात शिकवणारा पडद्यावर बोट ठेवून म्हणत असेल, 'ही ३१वी फ्रेम बघ.' ते बोट मला कुठून मिळणार?

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वजन कसं दाखवायचं? आणि बघणारं कोणी नसताना आपलं काम आपणच कसं तपासायचं? जाणकारांनी कृपया सांगावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

खोकं जड आहे हे खोक्यावरून कळत नाही, उचलणाऱ्याच्या अंगावरून कळतं. तुमच्या पात्राची कंबर बघा. मला वाटतं ती जागच्या जागी वरखाली होते आहे. माणूस समोर जड वस्तू धरतो तेव्हा त्याचा आणि वस्तूचा मिळून जो तोल असतो, तो पावलांच्या वर यावा लागतो, नाहीतर तो पुढे पडेल. म्हणून कंबर मागे जाते, पाठ मागे रेलते, खोकं पोटाशी येतं. रिकाम्या खोक्याला यातलं काहीच लागत नाही.

दुसरं म्हणजे उशीर. हलकं खोकं हाताबरोबरच उठतं. जड खोक्याला हात लागतात, कोपर ताणले जातात, खांदे खाली ओढले जातात, पाय जोर लावतात, आणि खोकं अजून जमिनीवरच असतं. हे सहा-आठ फ्रेम तरी चालू द्या. मग ते हळू सुटेल आणि वेग घेईल.

सगळंच संथ केल्याने ते पाण्याखालचं वाटलं, कारण गुरुत्वाकर्षण कोणासाठी संथ होत नाही. पाऊण मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू साधारण ०.३९ सेकंदात जमिनीवर येते, म्हणजे नऊ-साडेनऊ फ्रेम. वर जाताना कष्ट आहेत, तिथे वेळ घ्या. खाली येणारी गोष्ट तिच्या वेळेतच येऊ द्या. टेबलावर ठेवताना शेवटचे दोन-तीन बोटं अंतर खोकं पटकन खाली जातं, आणि ओझं सुटल्याबरोबर अंग जरा वर येतं.

एक तांत्रिक गोष्ट. हातांमागे खोकं फिरवत असाल तर उलटं करा. खोकं ॲनिमेट करा आणि हातांचे आयके कंट्रोल (पंजा हलवला की कोपर आपोआप जुळवून घेतो ती सोय) 'चाइल्ड ऑफ' कन्स्ट्रेंटने, म्हणजे एक गोष्ट दुसरीमागे चालवणाऱ्या जोडणीने, त्याला बांधा. हात ताठ झालेला दाखवतानाही कोपरात किंचित बाक ठेवा, नाहीतर आयके पूर्ण ताणला गेला की कोपर झटका खातो. गुडघ्याचंही तेच.

आणि त्या गुंत्यातून काही वाचवू नका. नवी फाइल घ्या, इंटरपोलेशन कॉन्स्टंट ठेवा (म्हणजे मधली हालचाल न दिसता पात्र एका पोझमधून थेट दुसरीत जाईल) आणि फक्त सहा-सात पोझ करा. पोझमध्येच वजन दिसत नसेल तर कर्व्ह कितीही घासले तरी ते येणार नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. फक्त तो उशीर किती फ्रेमचा, हे अंदाजाने ठरवू नका. स्वतःचा व्हिडिओ काढा, पण रिकामं खोकं घेऊन अभिनय करू नका. अंग फसत नाही, रिकामं खोकं उचलताना ते रिकामंच उचलतं. बादली काठोकाठ भरा आणि तीच उचला. फोन एका बाजूला, लांब, कंबरेच्या उंचीवर ठेवा. फार जवळून घेतलं तर हात मोठे आणि डोकं लहान दिसतं.

पुष्कळ फोन बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात. तो व्हिडिओ थेट ब्लेंडरमध्ये घेतला तर फ्रेम हळूहळू सरकत जातात. आधी तो ठरावीक २४ वर बदलून घ्या. मग ग्रीस पेन्सिलने (ब्लेंडरमध्येच रेखाटायचं साधन) प्रत्येक फ्रेमवर दोनच ठिपके द्या, एक कंबरेवर आणि एक डोक्यावर. बाकी काही गिरवू नका.

प्रतिसाद ३

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण मीही बरीच वर्षं एकटाच शिकलो.

घरच्यांना 'कसं झालंय?' असं विचारू नका. 'खोक्यात काय असेल?' असं विचारा. उत्तर 'कापूस' आलं तर तुम्हाला हवी ती टीका मिळाली, आणि ती करायला समोरच्याला ॲनिमेशन यायची गरज नाही.

स्वतः बघताना शॉट आडवा उलटा करून बघा, सवयीने झाकलेल्या चुका उघड्या पडतात. पात्र पूर्ण काळं करून नुसत्या आकृतीत काय चाललंय ते कळतं का, हे पाहा. मनगट आणि कंबर यांचे मोशन पाथ (तो भाग फ्रेमगणिक कुठून गेला ती रेषा) चालू करा. मार्ग जिथे विनाकारण मोडतो, ती तुमची '३१वी फ्रेम'.

शेजारी बसून काम दाखवणारा कोणी नाही ही उणीव मला सगळ्यात जास्त बोचायची. ती थोडी भरून निघाली खुल्या चित्रपटांमुळे. ब्लेंडर फाउंडेशनने २००६ पासून जे लघुपट केले, त्यांच्या कामाच्या फाइल्सही खुल्या केल्या. एखादा शॉट उघडा, पात्राची कंबर निवडा, ग्राफ एडिटर बघा. कसलेल्या ॲनिमेटरने किती कमी की टाकल्या आहेत आणि त्या कुठे टाकल्या आहेत, हे तिथे उघडं दिसतं. मी एकेक की पुसून काय बिघडतं ते बघत असे. जुन्या फाइल नव्या ब्लेंडरमध्ये कधी कधी मोडक्या उघडतात, तेव्हा त्या काळचं व्हर्जन उतरवून घ्या. तीही साइटवर ठेवलेली आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे यावरच घालवले म्हणून उत्तराला उशीर झाला.

बादली भरून व्हिडिओ काढला. हात कडीला लागल्यापासून बादली जमिनीवरून सुटेपर्यंत ११ फ्रेम गेल्या. माझ्या शॉटमध्ये तिथे दोन होत्या! कंबरेचे ठिपके जोडले तर ती वर जायच्या आधी चक्क मागे आणि थोडी खाली गेली होती. हे मी आयुष्यभर करत आले आणि कधी पाहिलं नव्हतं.

सात पोझवर शॉट पुन्हा उभा केला. भाचीला विचारलं, खोक्यात काय असेल? ती म्हणाली, 'पुस्तकं.' लोखंड अजून नाही, पण कापूसही नाही. त्या रात्री मी तो शॉट कितीदा चालवला असेल, मोजला नाही.

आता पुढची अडचण. टेबलाकडे वळताना डावं पाऊल जमिनीवर घसरतं. व्हिडिओत मी छोटी दोन पावलं टाकली आहेत, पण खोकं हातात असताना तेवढी पावलं दाखवली की शॉट लांबतो. पाऊल टाचेवर फिरवलं तर ओझ्याखाली ते खरं वाटेल का, की दोन पावलंच टाकावीत आणि शॉटला १२-१५ फ्रेम वाढवून द्याव्यात?