मदत हवी आहे : वारस नोंदीतून विधवा सुनेचे नाव वगळले आहे

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यात राहणाऱ्या, आमच्या नात्यातील एका ताईंसाठी विचारत आहे. त्यांचे पती सासऱ्यांच्या हयातीतच वारले. पुढे सासरेही गेले, तेव्हा त्यांच्या जमिनीच्या वारसांच्या फेरफारात (महसूल दप्तरातील नावबदलाच्या नोंदीत) केवळ दोन्ही दिरांची नावे लागली. वास्तविक 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार आधी मृत झालेल्या मुलाची विधवा आणि मुलगी या पहिल्या वर्गातील वारस आहेत. ज्वारीची खुरपणी, काढणी ताईच करतात, परंतु सातबाऱ्यावर कब्जेदार सदरी (जमीनधारकांच्या रकान्यात) नाव नसल्याने सोसायटी त्यांना पीककर्ज देत नाही. हा उघड अन्याय आहे.

फेरफार मंजूर होऊन वर्ष उलटले असल्याने प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करण्याची 60 दिवसांची मुदत संपली आहे. अशा वेळी विलंब माफीच्या अर्जासह अपील करावे, की थेट दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा दाखल करावा? दिरांनी मधल्या काळात जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम कसा मिळवावा? ताईंना फेरफाराची नोटीस मिळालीच नव्हती. हा मुद्दा विलंब माफीसाठी ग्राह्य धरला जातो का? महसुली प्रकरणे हाताळलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.