टार्टनला ‘बनावट’ म्हणून मोकळं व्हायचं का?

डोंगरवाट (धागाकर्ती)

मागच्या एका चर्चेत एका सदस्यांनी लिहिलं होतं, “स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घराण्याचं वेगळं टार्टन ही कापडवाल्यांनी रचलेली थाप आहे, इतिहासकारांनी ती केव्हाच उघडी पाडली.” तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

टार्टन म्हणजे तिथलं लोकरीचं चौकडीचं कापड, आणि क्लॅन म्हणजे हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली कुळं. मूळ गेलिक शब्दाचा अर्थच ‘लेकरं’. अमुक कुळाची अमुक चौकट, तीही अनादिकाळापासून, असं १८४२ साली ‘वेस्टिएरियम स्कॉटिकम’ या ग्रंथाने छातीठोकपणे सांगितलं. छापणारे दोघे भाऊ स्वतःला स्टुअर्ट राजघराण्याचे वंशज म्हणवत आणि जुन्या हस्तलिखिताचा हवाला देत. ते हस्तलिखित बनावट होतं. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला छपाईच्या कितीतरी आधी संशय आला होता, तरी दुकानं पुढे शंभर वर्षं त्याच चौकटी विकत राहिली. मग १९८३ साली इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांचा गाजलेला निबंध आला आणि सुशिक्षितांचं मत दुसऱ्या टोकाला गेलं: सगळंच खोटं.

माझं म्हणणं, अभ्यास तिथे थांबलेला नाही. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला दोन हजारांच्या आसपास रोमन चांदीची नाणी भरलेलं मडकं सापडलं. त्याच्या तोंडाशी बोळा म्हणून कोंबलेली चिंधी तिसऱ्या शतकातली, न रंगवलेल्या गडद-फिक्या लोकरीची आणि चक्क चौकडीची. ग्लेन अफ्रिकच्या दलदलीतला ५५ बाय ४३ सेंटिमीटरचा तुकडा १९८०च्या दशकात हाती आला. कार्बन कालमापनाने तो साधारण १५०० ते १६०० मधला ठरला, २०२३ साली डंडीच्या संग्रहालयात मांडला गेला. १७०३ साली मार्टिन मार्टिन या स्कॉटिश लेखकाने लिहून ठेवलंय की चौकडीवरून माणूस कुठल्या बेटाचा, कुठल्या भागाचा ते ओळखू येतं. गाव ओळखू येतं, कुळ नव्हे. म्हणजे कापड जुनं, नावं नवी. याला ‘थाप’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

साक्षेपी

साफ असहमत. वाद कापडाचा कधीच नव्हता, नावांचाच होता. आणि नावं नवी हे तुम्हीच मान्य करताय. १८१५ साली लंडनच्या हायलँड सोसायटीने कुळप्रमुखांना कळवलं, आपापल्या टार्टनचा नमुना मोहोर लावून पाठवा. आपलं टार्टन कुठलं हे कित्येक प्रमुखांनाच ठाऊक नव्हतं! ट्रेव्हर-रोपर यांनी दिलेलं उदाहरण मला विसरता येत नाही. मॅकफर्सन कुळाच्या प्रमुखाला ‘मॅकफर्सन’ म्हणून जे कापड मिळालं, ते त्याआधी किड नावाच्या गिऱ्हाइकाने वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या कपड्यांसाठी घाऊक उचललं होतं, तेव्हा त्याचं नाव ‘किड’. त्याच्याही आधी नुसता ‘नंबर १५५’. गुलामाच्या अंगावरचं कापड पूर्वजांचा वारसा म्हणून विकलं जात असेल, तर मवाळ शब्द कशाला शोधायचे?

हातमाग

विणकराच्या घरातला आहे म्हणून लिहितो. उभ्या धाग्यांचा जो क्रम, तोच आडव्या धाग्यांचा. दोनांवरून, दोनांखालून, दर ओळीला एक घर सरकत. म्हणून जवळून पाहिलं की तिरप्या बारीक रेघा दिसतात. लाल उभा आणि हिरवा आडवा जिथे भेटतात तिथे तिसरीच छटा उमटते. दोन रंगांत तीन छटा होतात, सहा रंगांत एकवीस. हे गणित हातात बसायला पिढ्या जातात, ते कुणी १८१५ साली बसून शोधलेलं नाही.

बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीने १८१९ची नमुनावही राखली, धाग्यांच्या मोजणीसकट. काही चौकटींना नुसता नंबर, काहींना गावाचं नाव. कुळाचं नाव लावलं की माल उठतो, हे मालकाला कळलं. साक्षेपी, तुमचा राग नाव लावणाऱ्यावर असू द्या, विणणाऱ्याला त्यात ओढू नका.

साक्षेपी

हातमाग, विणणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, तसं वाटलं असेल तर माफ करा. राग कुळप्रमुखांवर आहे. क्लॅनवरचं लेखन कसं बदललं ते पाहिल्याशिवाय टार्टनचा प्रश्न सुटत नाही.

एकोणिसाव्या शतकात स्कीनसारख्या अभ्यासकांना क्लॅन म्हणजे सामायिक जमिनीवर नांदणारी प्राचीन टोळी वाटे. १९९०च्या दशकात मॅकिनेस, डॉडशन, डिव्हाइन या अभ्यासकांनी खंडाच्या वह्या, कर्जखतं, गुरांचा व्यापार तपासला आणि वेगळंच चित्र दिसलं. प्रमुख कर्जात बुडालेले, एडिनबरो-लंडनच्या खर्चाने पिळलेले, हळूहळू निव्वळ जमीनदार झालेले. गेलिकमध्ये दोन शब्द आहेत: ‘दूहस’ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने कुळातल्या लोकांचा जमिनीवरचा हक्क, आणि ‘ओइरख्क’ म्हणजे प्रमुखाची कागदावरची मालकी. कागद जिंकला. ग्लेनगॅरीचा कुळप्रमुख मॅकडोनेल याने १८१५ साली ‘खऱ्या हायलँडर्सची’ संस्था काढली. नखशिखान्त टार्टनमधलं त्याचं रेबर्नने काढलेलं चित्र आजही लोक कौतुकाने बघतात. याच माणसाने मेंढ्यांसाठी आपल्या रयतेला जमिनीवरून उठवलं. माणसं कॅनडाच्या जहाजात आणि चौकटी भिंतीवर! ‘नावं नवी’ एवढंच म्हणून पुढे गेलात तर हे झाकलं जातं.

परदेशस्थ

ग्लासगोत राहतो, गेलिक शिकतोय. ट्रेव्हर-रोपर यांच्यावरचा मोठा आक्षेप इथे आलाच नाही: त्यांना गेलिक येत नव्हतं, त्यांचे पुरावे बहुतेक इंग्रजी. कलोडनच्या लढाईत हायलँडमधल्या बंडखोरांना सरकारी फौजेने हरवलं, त्यानंतर १७४६च्या कायद्याने हायलँडचा पोशाख पुरुषांना बंद झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार. १७८२ पर्यंत हे चाललं. कवी डंकन बॅन मॅकिंटायर तर सरकारच्या बाजूने लढलेला, तरी सक्तीच्या विजारीवर त्याने संतापून गाणं रचलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला कापड हिसकावल्याचं इतकं लागलं, ते काय लंडनच्या सोसायटीने शिकवलं म्हणून?

फौजेला मात्र बंदीतून सूट होती, टार्टन तग धरून राहिलं त्यात पलटणींचा वाटा मोठा. आपल्याकडे असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर ७४वी आणि ७८वी हायलँडर पलटण उभी होती, ती याच परंपरेतली.

डोंगरवाट

परदेशस्थ, अनेक आभार, हा मुद्दा माझ्याकडून राहिलाच होता. साक्षेपी, ग्लेनगॅरीबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘अन्याय’ हा शब्द मी कापडासाठी वापरला, तो आधी त्या रयतेसाठी वापरायला हवा होता. पण ‘थाप’ला माझा विरोध कायम आहे. २००९ पासून स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही आहे. कालची नवी चौकटही तिच्यात बसते, नोंदणीच्या तारखेसकट. दुकानातल्या चिठ्ठीवरही कुळाच्या नावाशेजारी साल छापावं, एवढंच मागणं आहे.

साक्षेपी

साल छापाच. आणि ग्लेनगॅरीच्या चित्राखालच्या पाटीवर, त्याने किती घरं उठवली तेही.